किती घातलं, त्याहून कुठं बसलं

गेल्या अंकात मी ऑक्साइडच्या पातळ थरांवर दोन पानं लिहिली होती. मिठाच्या कणापेक्षा हजारपट पातळ असा थर काचेवर किंवा स्फटिकावर चढवायचा. त्यात दुसऱ्या धातूचे मोजके अणू घातले की ते डोपिंग, आणि खालच्या पृष्ठभागानं त्याला ओढलं किंवा दाबलं की तो ताण. दोन्हींनी थरातून वीज वाहण्याची रीत बदलते, एवढंच त्यात होतं. पत्रं मात्र ढीगभर आली. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून ज्या प्रश्नांनी मला जुन्या वह्या पुन्हा काढायला लावल्या ते निवडले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण त्याच अडचणीत मी दोन उन्हाळे काढले आहेत.

प्रश्न: मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. झिंक ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनियम घालून स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, थर केले. एक टक्का, दोन टक्के घातल्यावर रोध कमी झाला. चार टक्क्यांना तो उलट वाढला आणि सहाला तर साध्या थराच्या जवळ गेला. ॲल्युमिनियम जास्त म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, मग रोध अजून कमी व्हायला हवा ना? सर म्हणतात सँपल चुकलं, परत कर. (एक विद्यार्थिनी, परभणी)

सँपल चुकलेलं नाही, पोरी. आलेख जसा यायला हवा तसाच आला आहे. तो फेकू नकोस.

झिंक ऑक्साइडमध्ये झिंकचा प्रत्येक अणू आपले दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन बसलेला असतो. त्याच्या जागेवर ॲल्युमिनियम आला तर त्याच्याकडे तीन असतात. दोन शेजाऱ्यांत खर्ची पडतात, तिसरा मोकळा राहतो आणि तोच वीज वाहतो. इथवर तुझं बरोबर आहे. पण हे सगळं 'त्याच्या जागेवर आला तर' या अटीवर आहे. ॲल्युमिनियमचा आयन झिंकपेक्षा बराच लहान. चार शेजाऱ्यांच्या रचनेत झिंकची त्रिज्या ०.६० अँगस्ट्रॉम, ॲल्युमिनियमची ०.३९. थोडे असले तर जाळी, म्हणजे अणूंची ओळीत बसलेली रचना, त्यांना सामावून घेते. दोन-तीन टक्क्यांच्या पुढं मात्र नव्यानं आलेल्यांना झिंकची जागा मिळत नाही. थर ज्या बारीक स्फटिक-कणांचा बनलेला असतो त्यांच्या सीमेवर ते जाऊन साचतात, तिथं ऑक्सिजनशी जोडी करून ॲल्युमिनियम ऑक्साइड होतात, आणि तो तर पक्का विद्युतरोधक. म्हणजे ज्यांना वीज वाहायला आणलं, तेच बांधावर दगड रचून बसले. शिवाय जे जागेवर बसले तेही प्रत्येकी एक धनभारित अडथळा असतात. जाणारा इलेक्ट्रॉन त्यांच्यापाशी ठेचकाळतो. संख्या वाढते तशी चाल मंदावते.

हे आकड्यांत करून बघ. एक घन सेंटिमीटर झिंक ऑक्साइडमध्ये झिंकचे अणू सुमारे ४.२ गुणिले १० चा २२ वा घात इतके. त्याचे दोन टक्के म्हणजे ८ गुणिले १० चा २० वा घात. प्रत्येक ॲल्युमिनियमनं एक इलेक्ट्रॉन दिला असता तर हॉल मापनात, म्हणजे चुंबक लावून मोकळे इलेक्ट्रॉन मोजायच्या रीतीत, एवढे दिसायला हवेत. फवारलेल्या थरात बहुधा त्याहून बरेच कमी दिसतात. तुझ्या विभागात हॉलची सोय असेल तर हे मोज आणि भागाकार करून शंभरातले किती कामाला लागले ते प्रबंधात लिही. माझ्या मते तो एक आकडा पन्नास आलेखांपेक्षा जास्त बोलतो.

आता थोडं कडू बोलते. तुझे टक्के खरोखर तेवढेच आहेत का? ०.१ मोलरचं १०० मिली द्रावण करायला झिंक ॲसिटेट लागतं २.२ ग्रॅम, हे कुठल्याही तराजूवर नीट मोजता येतं. पण त्यात दोन टक्के ॲल्युमिनियम घालायचं तर ॲल्युमिनियम क्लोराइड लागतं फक्त ४८ मिलिग्रॅम. तराजू दहा मिलिग्रॅमचा असेल तर दोन टक्क्यांचे दीड होतात किंवा अडीच. त्यातून हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं की ते चिकट होतं आणि आपण निम्मं पाणीच तोलतो. म्हणून थेट तोलू नकोस. अर्धा ग्रॅम ॲल्युमिनियम क्लोराइड अचूक तोलून १०० मिलीत विरघळव आणि त्यातलं दहा मिली पिपेटनं घे. पाणी डिस्टिल्डच हवं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि सोडियम किती असतो ते आपल्याकडच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला दिसतं. द्रावण गढूळ झालं तर ॲसेटिक ॲसिडचे तीन-चार थेंब टाकले की निवळतं. आणि द्रावणातले दोन टक्के थरात दोनच राहतात असं नाही, तेव्हा जमलं तर ईडीएसवर, म्हणजे कुठलं मूलद्रव्य किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, थर तपासून घे.

जाडीचंही तसंच. चार प्रोबनं आलेल्या व्होल्टेज-करंटच्या गुणोत्तराला ४.५३ नं गुणलं की चौरसी रोध मिळतो, म्हणजे तेवढ्या जाडीच्या थराचा; पदार्थाची स्वतःची रोधकता नाही. रोधकतेसाठी त्याला जाडीनं गुणावं लागतं, आणि दरवर्षी कुणीतरी हे विसरतं. वजनातल्या फरकावरून जाडी काढत असशील तर लक्षात घे की पूर्ण स्लाइडवर २०० नॅनोमीटरचा थर म्हणजे जेमतेम दोन मिलिग्रॅम. स्लाइडवर बोटाचा ठसा राहिला तर तोही त्यातच तोलला जातो.

आणि उजेड. याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

आमची प्रयोगशाळा पश्चिमेकडे तोंड करून होती. सकाळी मोजलं की एक रोध, दुपारी दुसरा, कमी. दोन उन्हाळे मी प्रोबच्या स्प्रिंगला, करंट सोर्सला, हाताच्या घामाला दोष देत राहिले. मग जूनमधल्या एका दुपारी वावटळ उठली. लॅबचे मामा धावत आले आणि खिडक्यांची लाकडी दारं धाडधाड लावून घेतली. खोलीत अंधार. मोजमाप थांबवायला मी हात पुढं केला, तर मीटरवरचा आकडा चढत होता. हळू, पण थांबत नव्हता. मामा म्हणाले, "बाई, दिवा लावू का?" मी म्हटलं, "मामा, कशालाच हात लावू नका." बाहेर पत्रे वाजत होते, दाराच्या फटीतून धूळ आत येत होती, आणि आम्ही दोघं अंधारात बसून होतो. टॉर्चच्या उजेडात दर पाच मिनिटांनी मी आकडा टिपत होते. संध्याकाळपर्यंत रोध कितीतरी पट झाला होता.

होतं ते असं. हवेतला ऑक्सिजन थराच्या पृष्ठभागावर आणि कणांच्या सीमेवर चिकटतो आणि तिथले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते सुटतात, ऑक्सिजन उडून जातो, रोध उतरतो. अंधार झाला की ऑक्सिजन परत येऊन बसतो, पण त्याला तास लागतात, कधी अख्खी रात्र. तेव्हा सँपल रात्रभर काळ्या कापडात ठेव आणि अंधारातच मोज. एक टक्क्याचं सँपल सकाळी नि चार टक्क्यांचं दुपारी मोजलं असशील तर तुलनेला अर्थ नाही. हे सगळं सांभाळूनही चार टक्क्यांना रोध वाढलेलाच दिसेल, याची मला खात्री वाटते. तीन वेगवेगळ्या वेळी केलेली तीन-तीन सँपलं आणि अंधारातली मोजमापं घेऊन सरांकडे जा. ते नक्की ऐकतील.

प्रश्न: बाई, माझ्या एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी काढलेल्या आलेखात, डोपिंगनंतर मुख्य शिखर सरकलंच नाही. म्हणजे ॲल्युमिनियम आत गेलाच नाही असं समजायचं का? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

तसा निष्कर्ष काढू नकोस. झिंक ऑक्साइडचं ते शिखर तांब्याच्या क्ष-किरणांत ३४.४ अंशांच्या आसपास येतं. लहान ॲल्युमिनियम झिंकच्या जागी बसला की थरांमधलं उभं अंतर आवळतं आणि शिखर मोठ्या कोनाकडे सरकतं. हे पुस्तकात असतं. पण तुझा थर ४५० अंशांवर तयार झाला आणि तीस अंशांवर मोजला गेला. साधी काच थंड होताना झिंक ऑक्साइडपेक्षा जास्त आकसते. ती आकसताना वरच्या थराला आडव्या दिशेनं दाबते, हजारात एक भाग एवढं. आडवं दाबलं की उभं फुगतं, मग शिखर लहान कोनाकडे जातं. एक डावीकडे ओढतो, दुसरा उजवीकडे, आणि तू म्हणतोस हललंच नाही.

यातून वाट अशी की डोपिंग न केलेला थर त्याच काचेवर, त्याच तापमानाला कर आणि तुलना त्याच्याशी कर, पुस्तकातल्या आकड्याशी नको. दुसरं, क्वार्ट्झच्या काचेवर एक संच कर. क्वार्ट्झ जवळजवळ आकसतच नाही, त्यामुळं तिथं ताण उलट्या दिशेचा येईल. दोन संचांतला फरक हा ताणाचा, दोन्हींत सारखं दिसेल ते डोपिंगचं. आणि हॉटप्लेट एकदम बंद करू नकोस. आम्ही लोडशेडिंगच्या वेळा भिंतीवर खडूनं लिहून ठेवायचो आणि वीज जायच्या दोन तास आधी फवारणी थांबवून तापमान पायरीपायरीनं उतरवायचो. एकदा मध्येच वीज गेली तेव्हा गेलेली सगळी बॅच मला अजून आठवते. थराला जाळीदार तडे गेले होते, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तसे.

प्रश्न: डोपिंग शिकवताना मी 'दुधाला विरजण लावतो तसं' असं सांगतो. मुलांना पटकन कळतं. हे चालेल का? (माध्यमिक शिक्षक, अंबाजोगाई)

सर, नका सांगू. चमचाभर विरजणात जिवाणू असतात, ते वाढतात, रात्रीतून अख्खं पातेलं दही होतं. डोपिंगचा अणू वाढत नाही, पसरत नाही, शेजाऱ्याला आपल्यासारखं करत नाही. जेवढे घातले तेवढेच राहतात आणि बसले तिथंच राहतात. विरजणाच्या उदाहरणानं मुलांच्या डोक्यात 'चिमूटभर पुरतं, बाकी आपोआप होतं' असं बसतं, आणि पुढं एम.एस्सी.ला आल्यावर ते काढायला मला महिना लागायचा.

वर्गात बाकं असतात ना, तेच उदाहरण घ्या. प्रत्येक बाकावर दोन मुलं, हात हातात धरलेली. एका बाकावर तिघं बसवा. तिसऱ्याला धरायला हात नाही, तो वर्गभर फिरतो. सगळा प्रयोग पाच मिनिटांत उभा राहतो, आणि फिरणारा पोरगा कोण यावरून वर्गात भांडणही होतं. सिलिकॉनमध्ये लाखो बाकांमागं एक असा तिसरा पुरतो. ऑक्साइडच्या वाहक थरात मात्र शंभरात दोन-चार लागतात, हेही सांगा, कारण सिलिकॉनचा आकडा पाठ करून आलेली मुलं इथं गोंधळतात.

प्रश्न: माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. टच काचेतून आरपार दिसतं, तरी तिच्यातून करंट जातो. काच तर वीज नेत नाही. हे कसं? (लातूर)

भाऊ, काच नेत नाही, काचेवरचा थर नेतो. त्याला आयटीओ म्हणतात: इंडियम ऑक्साइड नव्वद भाग आणि टिन ऑक्साइड दहा भाग, वजनानं. टिन इंडियमच्या जागी बसतो आणि एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो, वरच्या ॲल्युमिनियमसारखंच. पारदर्शक का, तर आपल्याला दिसणाऱ्या उजेडाच्या कणांची ऊर्जा साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, आणि या ऑक्साइडमधला इलेक्ट्रॉन उचलायला त्याहून जास्त लागते. उजेड त्याला हलवू शकत नाही, म्हणून तो सरळ निघून जातो. हा शोध नवा नाही. जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी १९०७ साली कॅडमियमचा पातळ थर तापवून ऑक्साइड केला, तेव्हा तो पारदर्शकही होता आणि वीजही नेत होता.

दुकानात बघायचं असेल तर जुन्या रेझिस्टिव्ह टचचा, म्हणजे बोटानं दाबावा लागायचा त्या प्रकारचा, पापुद्रा घ्या आणि मल्टिमीटरच्या दोन टोकांनी आतली बाजू तपासा. काही शे ओहम दाखवेल. नव्या फोनची नुसती वरची काच तपासाल तर काहीच दाखवणार नाही, कारण थर बहुधा खाली डिस्प्लेच्या अंगाला असतो. हा थर ठिसूळ आहे. फोन खिशात वाकला की काच शाबूत राहते, पण थराला केसासारखी चीर जाते आणि तेवढ्या पट्टीतला टच मरतो. इंडियम स्वतंत्र खाणीतून निघत नाही, मुख्यतः जस्त शुद्ध करताना थोडं हाती लागतं, त्यामुळं महाग. परभणीची मुलगी जे करते आहे, जस्तात ॲल्युमिनियम, ते यालाच स्वस्त पर्याय म्हणून जगभर चाललं आहे.

प्रश्न: माझी मुलगी पीएच.डी. करते. म्हणते, "आई, आम्ही काहीच मिसळत नाही, फक्त ओढतो, आणि वस्तूचा गुण बदलतो." मी चौथी शिकलेली, गोधड्या शिवते. नुसतं ओढल्यानं असं कसं होईल? (नांदेड, पत्र मुलीनं लिहून दिलं आहे)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. याचं निम्मं उत्तर तुमच्या हातात आहे.

जुन्या, शंभरदा धुतलेल्या लुगड्यावर तुम्ही कोरं मांजरपाट न धुता लावलं तर काय होतं? शिवताना दोन्ही सपाट दिसतात. पहिल्या धुण्याला मांजरपाट आटतं, लुगडं आटत नाही, आणि टाक्यांनी एकमेकांना बांधलेली ती दोन कापडं ओढाताण करू लागतात. सगळीकडे सुरकुत्या. तुम्ही म्हणूनच आधी कोरं कापड भिजवून घेत असणार.

तुमच्या मुलीच्या कामात खालचं कापड म्हणजे एक स्फटिक, अर्धा मिलिमीटर जाड. वरचं कापड त्याच्यापेक्षा दहा हजारपट पातळ. दोघांतले अणू ताण्याबाण्यासारखे ओळीत बसलेले, पण दोघांची वीण किंचित वेगळी. पातळ थर जाडजूड स्फटिकाला वाकवू शकत नाही, म्हणून तोच आपली वीण सोडून खालच्याची वीण घेतो. खालची सैल असेल तर ओढला जातो, घट्ट असेल तर दाबला जातो. बाहेरचा एक अणूही आत गेलेला नाही. फक्त शेजारी शेजाऱ्यापासून जरा लांब गेला किंवा जवळ आला.

तेवढ्यानं काय होतं? स्ट्राँशियम टायटनेट नावाचा स्फटिक आहे. त्याच्या विणीचं अंतर ३.९०५ अँगस्ट्रॉम. काही पदार्थांत वीज लावून काढून घेतली तरी एका बाजूला धन, एका बाजूला ऋण अशी खूण राहते, हा गुण त्याला येत नाही. कितीही थंड करा, नाही म्हणजे नाही. २००४ साली संशोधकांनी त्याचा थर डिस्प्रोशियम स्कॅन्डेटच्या स्फटिकावर चढवला. त्याची वीण शंभरात एक भाग सैल. थर तेवढा ओढला गेला, आणि आपल्या खोलीतल्या तापमानाला तो गुण त्याच्यात आला. एका मीटरला एक सेंटिमीटर, बस एवढीच ओढ. अणूला मधोमध बसायला आधी जागा नेमकी होती, ओढल्यावर ती मोकळी झाली आणि तो एका बाजूला सरकून बसला. गुण आला तो त्या सरकण्यातून.

दुसरा किस्सा त्याच्याही आधीचा, १९९८ चा. लँथेनम, स्ट्राँशियम आणि तांब्याचं एक ऑक्साइड आहे, खूप थंड केलं की ते विजेला काहीच अडवत नाही. साधारणपणे हे शून्याखाली २४८ अंशांना होतं. त्याचा थर जरा घट्ट विणीच्या स्फटिकावर चढवून दाबला, एक टक्क्याहूनही कमी, तर ते शून्याखाली २२४ अंशांनाच झालं. केवल शून्यापासून, म्हणजे ज्याहून थंड काही होऊच शकत नाही तिथून, मोजलं तर २५ वरून ४९, जवळजवळ दुप्पट. माल तोच, मापही तेच.

पण याला मर्यादा आहे आणि तीही तुम्हाला ठाऊक असेल. एका लुगड्यावर एक मांजरपाट ओढ सोसतं. चार-पाच थर द्या, टाके उसवतात. थरात जाडीबरोबर ताण साठत जातो आणि ठरावीक जाडीच्या पुढं अणूंच्या ओळीच तुटून नवी जुळणी करतात. मग वरचा भाग आपल्या मूळ विणीवर जातो आणि ओढीनं आलेला गुण निघून जातो. एक टक्का ओढ असेल तर ही हद्द बऱ्याचदा काही दशक नॅनोमीटरवर येते. मुलगी रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये बसत असेल ती बहुधा याच हद्दीच्या मागं. तिला एकदा म्हणा, तुझ्या खालच्या स्फटिकाचा तुकडा दाखव. काचेच्या टिकलीएवढा असतो आणि बराच महाग येतो.

प्रश्न: आमच्या गावाजवळ लायगो होणार आहे. तिथं या थरांचा काही संबंध आहे का? मी बारावीला आहे. (औंढा नागनाथ, जि. हिंगोली)

आहे, आणि फार जवळचा. लायगो म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याला २,६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना ४० किलोचे सिलिकाचे आरसे. अमेरिकेतल्या लायगोत या आरशांवर दोन ऑक्साइडचे थर आलटून पालटून चढवले आहेत: सिलिकॉनचं आणि टँटॅलमचं. टँटॅलमच्या थरात टायटॅनियम मिसळलेलं असतं. म्हणजे डोपिंगच, पण विजेसाठी नाही. कुठल्याही थरातले अणू उष्णतेनं थरथरतात आणि आरशाचा पृष्ठभाग अणूच्याही कितीतरी बारीक अंशानं हलत राहतो. लायगोला मोजायचं असतं तेही तेवढंच बारीक. टायटॅनियम घातल्यावर थराच्या आतलं घर्षण कमी होतं आणि ही थरथर शांत होते. रसायनशास्त्र सोडू नकोस. तिथं फक्त खगोलवाले लागत नाहीत.

प्रश्न: तापमान वाढलं की आपोआप ऊन अडवणारी काच निघाली आहे असं वाचलं. आमचं घर पत्र्याचं आहे, मे महिन्यात आत बसवत नाही. अशी काच मिळेल का? (जालना)

तुम्ही वाचलं ते व्हॅनेडियम डायऑक्साइडबद्दल असणार. मला या पदार्थाचं फार प्रेम आहे, कारण आजच्या सगळ्या पत्रांत जे विखुरलेलं आहे ते त्याच्यात एकत्र सापडतं. १९५९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत एफ. जे. मॉरिन यांनी दाखवलं की व्हॅनेडियमची काही ऑक्साइडं ठरावीक तापमानाला एकदम धातूसारखी वीज नेऊ लागतात. डायऑक्साइडला हे ६८ अंशांना होतं. त्याखाली व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात, इलेक्ट्रॉन जोडीत अडकतो. वर गेलं की जोड्या सुटतात. मग तो थर उन्हातले उष्णतेचे किरण परतवतो, उजेड मात्र बराचसा येऊ देतो.

पण ६८ अंश खिडकीला काय कामाचे? तेव्हा ते खाली आणायचं. एक वाट डोपिंगची: व्हॅनेडियमच्या जागी टंगस्टन. तो शेजारच्या व्हॅनेडियमला दोन इलेक्ट्रॉन देतो, ते जोड्या मोडायला मदत करतात, आणि दर टक्क्याला साधारण वीस-पंचवीस अंश उतरतात. दुसरी वाट ताणाची. जपानमध्ये मुराओका आणि हिरोई यांनी २००२ मध्ये हा थर टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकावर चढवला. स्फटिकाच्या एका पैलूवर तो २७ अंशांना बदलला, दुसऱ्या पैलूवर ९६ ला. थर तोच, खालचा स्फटिकही तोच, फक्त कुठल्या बाजूनं कापला एवढा फरक. एका पैलूवर व्हॅनेडियमच्या ओळीतलं अंतर आवळलं गेलं, दुसऱ्यावर ताणलं गेलं. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून अंगणात फेऱ्या मारल्या होत्या.

आता तुमच्या घराचं. स्फटिकावरचा थर प्रयोगशाळेतच राहणार, खिडकीएवढा स्फटिक कुणी करत नाही. टंगस्टनचा काचेवर करता येतो, पण तो पिवळसर तपकिरी दिसतो, उजेड बराच खातो, आणि टंगस्टन वाढवलं की धातू-अधातूमधला फरकही पुसट होतो. अजून तुमच्या-माझ्या घरात येण्याजोगा झालेला नाही. आणि पत्र्याच्या घरात उष्णता खिडकीतून थोडी, छतातून जास्त येते. छतावर दोन हात चुना मारा. पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल घाला, पहिला हात पूर्ण वाळू द्या, मग दुसरा आडवा मारा. एप्रिल लागायच्या आधी करा, म्हणजे पत्रा तापलेला नसतो आणि चुना नीट धरतो.